गाडी चालवणार कोण, हे पत्रात अगदी शेवटी आलं

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या वाचक साताऱ्याच्या, वय ४४. एका बँकेत नोकरी आणि शाखा कोरेगावला, त्यामुळे रोजची ये-जा साधारण ४० किलोमीटरची. घरात नवरा, दोन मुलं आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई. माहेर चिपळूणला, म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट ठरलेला. घरातली जुनी छोटी गाडी आता विकायची आहे आणि मारुतीची नव्या रूपातली डिझायर त्यांच्या मनात भरली आहे. पण थोरले दीर म्हणतात, "सेदान म्हणजे टॅक्सी. त्यापेक्षा एसयूव्ही घ्या. आणि हिचं इंजिन आता तीन सिलिंडरचं केलंय, घाटात दम टाकेल." नवऱ्याला सीएनजी हवी आहे. मुलाला सनरूफ हवं आहे, म्हणजे टॉप मॉडेल. मुदतठेव मोडली तर ऑनरोड साडेदहा लाखांपर्यंत जाता येईल. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "माझी डावी टाच सतत दुखते, क्लच दाबून संध्याकाळी जास्तच. ऑटोमॅटिक बरी पडेल असं वाटतं, पण ते राहू दे. सगळ्यांचं समाधान होईल असं कोणतं मॉडेल घ्यावं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी आणि दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. पत्रात दिरांचं मत आहे, नवऱ्याचा हिशोब आहे, मुलाची हौस आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत. वर्षातले बहुतेक दिवस स्टिअरिंगवर ज्या बसणार त्या मात्र शेवटच्या दोन ओळींत येतात आणि लगेच "ते राहू दे" म्हणून बाजूला होतात. ते राहू देऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथूनच सुरू करावंसं वाटतं. पण आधी दिरांच्या आक्षेपांकडे वळू, कारण घरात त्यांच्या शब्दाला वजन दिसतं आणि त्यांचे मुद्दे तपासून पाहण्याजोगे आहेत.

सेदान की एसयूव्ही, हा वाद तुमच्या बजेटमध्ये वाटतो तेवढा मोठा नाही. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि तेव्हापासून कंपन्या त्या मापात गाड्या बसवू लागल्या. पहिली डिझायर २००८ ची. ती ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ ला दुसरी पिढी आली तेव्हा तिची मागची बाजू कापून लांबी ३,९९५ वर आणली. २०१७ ची तिसरी पिढी त्याच मापाची होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ही चौथीही तेवढीच आहे. आता गंमत बघा: ब्रेझा, नेक्सॉन, फ्रॉन्क्स, सोनेट या सगळ्याही ३,९९५ मिलिमीटरच्याच. म्हणजे दीर जिला मोठी गाडी समजतात ती रस्त्यावर तुमच्या डिझायरइतकीच जागा घेते. फरक उंचीचा आहे, बसण्याच्या पातळीचा आहे आणि दिसण्याचा आहे.

त्यातला उंचीचा फरक मात्र खरा आहे आणि तो मी हलक्यात घेणार नाही. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर, फ्रॉन्क्सचा १९०. पाच माणसं आणि सामान भरून गाडी खाली दबली की गावातला एखादा बेढब गतिरोधक पोटाला घासू शकतो. तुमच्या रोजच्या रस्त्यावर किंवा घरासमोर असं काही असेल तर ते तुम्हालाच माहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सासूबाई. सेदानमध्ये बसताना माणूस खाली वाकतो आणि उतरताना स्वतःला वर उचलतो. दुखऱ्या गुडघ्यांना बसणं जमतं, उठणं जड जातं. उंच गाडीत सीट साधारण कमरेच्या पातळीला येते, त्यामुळे नुसतं सरकून बसता येतं. काही उंच गाड्यांत उलट पाय फार वर उचलावा लागतो, तोही त्रासच. हे कागदावर ठरत नाही. सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जा, डिझायरमध्ये तीन-चार वेळा बसायला-उतरायला लावा. मागे एकदा आणि पुढे डाव्या सीटवर एकदा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवली की पाय फिरवायला भरपूर जागा होते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच प्रश्न मिटतो. पण त्यांचा चेहरा सांगू लागला की हे रोज जमणार नाही, तर या पत्रातला पुढचा सगळा मजकूर बाजूला ठेवा आणि उंच गाडी बघा. तो निर्णय दिरांच्या प्रतिष्ठेसाठी नसेल, एका माणसाच्या गुडघ्यांसाठी असेल, आणि म्हणून योग्य असेल.

"सेदान म्हणजे टॅक्सी" याबद्दल. डिझायर टॅक्सीत दिसते हे खरं आहे. टॅक्सीसाठी कंपनी टूर एस या नावाने तिचं वेगळं मॉडेल विकते. ज्याचं पोट गाडीवर चालतं तो माणूस ॲव्हरेज, सुटे भाग आणि दुरुस्तीचा खर्च यांचा हिशोब तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी कडक करतो. त्याने जी गाडी वर्षानुवर्षं निवडली, तिच्याबद्दल हा कमीपणा वाटण्याचं कारण मला दिसत नाही. लोक काय म्हणतील ही काळजी तुमची आहे की दिरांची, एवढं फक्त स्वतःला विचारा. पत्रावरून मला ती तुमची वाटली नाही. पुढे कधी विकताना घेणारा माणूस "गाडी धंद्यावर होती का" असं विचारेल. पांढरी पाटी, आरसी बुक आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या नीट जपल्या की त्याचं उत्तर तयार असतं.

आता इंजिन. दिरांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष थोडा घाईचा आहे. आधीच्या डिझायरमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद ९० पीएस. नव्या गाडीत तेवढ्याच आकाराचं, पण तीन सिलिंडरचं झेड-सिरीज इंजिन आहे आणि ताकद साधारण ८२ पीएस. आकडा कमी झाला हे नाकारता येत नाही. पण घाट चढताना गाडीला लागतो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याची ओढ. तो आधी ११३ न्यूटन मीटर होता, आता साधारण ११२ आहे. तिथे फरक नगण्य आहे. तीन सिलिंडर करण्यामागे हेतू इंधनाचा: आत घासणारे भाग कमी झाले की तेवढी ऊर्जा वाचते. कंपनीचा दावा मॅन्युअलला लिटरमागे २४.७९ किलोमीटर आणि ऑटोमॅटिकला २५.७१. हे चाचणीतले आकडे आहेत, सातारा-कोरेगाव रस्त्यावर ते मिळणार नाहीत, पण गाडी इंधन कमी पिते हे खरंच.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. गाडी उभी असताना आणि अगदी कमी वेगात तीन सिलिंडरची एक बारीक थरथर जाणवते, चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनाइतकं ते गुळगुळीत नाही. आणि हा टॉर्क पूर्ण मिळतो तो ४,३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेऊ लागल्यावर. कुंभार्लीच्या वळणांवर पाच माणसं, सामान आणि एसी असताना तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहिलात तर गाडी नक्की कण्हणार. दुसऱ्यात आणा, इंजिनाचा आवाज वाढू द्या, ती चढते. आपल्याकडे अनेकांना इंजिनाचा आवाज वाढला की गाडीला त्रास होतोय असं वाटतं. खरा त्रास तिला वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ओढायला लावल्याने होतो. पाटण-कोयनानगरच्या पुढे एसटीच्या मागे अडकलात आणि ओव्हरटेक करायचा असेल, तर जागा जास्त ठेवा, आधीच खालचा गिअर घ्या आणि शंका आली तर मागेच थांबा. भरलेल्या गाडीत ८२ पीएसकडून यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये. आठवड्याला घाट चढणारं कुटुंब असतं तर मी दिरांच्या बाजूने बोलले असते आणि जास्त ओढीच्या टर्बो इंजिनाची गाडी बघायला सांगितलं असतं. वर्षातून चार-पाच फेऱ्यांसाठी हे इंजिन पुरेसं आहे.

ही खात्री माझ्या शब्दावर करू नका. साताऱ्यात राहता ते इथे उपयोगाचं आहे. टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा माणूस हायवेच्या सरळ पट्ट्यावर एक चक्कर मारून आणतो, त्यातून काही कळत नाही. यवतेश्वर घाटात नेऊ द्या असा आग्रह धरा. घरची चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि एका वळणावर चढात थांबून पुन्हा निघून बघा. दिरांनाही सोबत घ्या. शंका ज्याची, त्याने ती गाडीत बसून तपासावी, म्हणजे नंतर घरात त्यावरून बोलणं होत नाही.

ज्या गोष्टीबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, ती मला या गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा वाटते. या डिझायरला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. मारुतीच्या कुठल्याही गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. २०२५ मध्ये आपल्याकडच्या तशाच चाचणीत, भारत एनकॅपमध्येही, तिला पाच तारे मिळाले: मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४६ गुण आणि मुलांसाठी ४९ पैकी ४१.५७. छोट्या, हलक्या, कमी पिणाऱ्या गाड्या घ्यायच्या आणि सुरक्षेचं देवावर सोडायचं, अशी आपली वर्षानुवर्षांची तडजोड होती. ती करायची गरज या गाडीत बरीच कमी झाली आहे. आणि हे महत्त्वाचं: सहा एअरबॅग, गाडी घसरू लागली की चाकांचे ब्रेक आपोआप लावून तिला सावरणारी ईएसपी यंत्रणा, पाचही सीटना तीन टोकांचे पट्टे, मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक, हे सगळं अगदी खालच्या एलएक्सआय मॉडेलपासून मिळतं. टॉप मॉडेल घेतलं म्हणून गाडीचा सांगाडा जास्त मजबूत होत नाही. तुम्ही मुदतठेव मोडून जे जास्तीचे पैसे घालणार आहात, त्यातून सुरक्षेच्या या पायात भर पडत नाही.

या ताऱ्यांमागची समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, हेही लक्षात असू द्या. ताशी १०० च्या वेगाला त्यांचा अर्थ बदलतो. आणि मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही तर त्याच्यासाठी तारे नाहीतच. सासूबाईंना आणि मुलांना मागे पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. जुन्या गाडीत ती सवय नसेल तर नव्या गाडीचा पहिला आठवडा त्यासाठी चांगला असतो.

मग टॉप मॉडेलमध्ये आहे काय? झेडएक्सआय प्लसमध्ये सनरूफ, चारही बाजू दाखवणारा ३६० अंशांचा कॅमेरा, नऊ इंचांचा स्क्रीन, क्रूझ कंट्रोल. या आकाराच्या सेदानमध्ये सनरूफ पहिल्यांदा याच गाडीने दिलं आणि जाहिरातींत त्याचाच गाजावाजा झाला, म्हणून मुलाच्या डोक्यात ते बसलं यात त्याचा दोष नाही. पण साताऱ्याच्या मार्च ते मे या उन्हात ते बंद राहणार आणि पावसाळ्यात तर राहणारच. त्याच्या चौकटीमुळे आतली उंचीही थोडी कमी होते. चालत्या गाडीत मुलाने त्यातून डोकं बाहेर काढणं धोक्याचं आहे, त्यामुळे ज्या कारणासाठी त्याला ते हवं असावं ते कारण तुम्ही त्याला पुरवू देणार नाहीच. घरात मोठ्या खर्चाचा निर्णय कसा होतो हे बघण्याइतका तो मोठा असेल, तर त्याला किमतीचा तक्ता दाखवून फरकाचे पैसे त्यालाच मोजू द्या.

गाडी बाजारात आली तेव्हा ऑटोमॅटिकमध्ये व्हीएक्सआय ८ लाख २४ हजार, झेडएक्सआय ९ लाख ३४ हजार आणि झेडएक्सआय प्लस १० लाख १४ हजार होती, एक्स-शोरूम. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी सेस धरून तो २९ टक्के होता. त्यामुळे किमती खाली आल्या, तुम्ही आजचं कोटेशनच हाती घ्या. पण पायऱ्यांमधलं अंतर साधारण तसंच राहिलं आहे.

माझा कौल मधल्या पायरीला, म्हणजे झेडएक्सआयला. त्याचं कारण तुमच्या रोजच्या रस्त्यात आहे. बँकेतून निघायला मार्चअखेरीला काय वेळ होते हे मी तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यातही घरी येताना अंधार असतो आणि ऊस चालू झाला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. झेडएक्सआयला एलईडी हेडलाइट आहेत, खालच्या दोन मॉडेलना हॅलोजन. गाडी मागे घेताना दिसणारा कॅमेराही झेडएक्सआयपासून. सनरूफ वर्षातून किती वेळा उघडाल कोण जाणे, हेडलाइट रोज लावाल. बजेट तिथवर नेणं जड जात असेल तर व्हीएक्सआयसुद्धा चांगली आहे, त्यात मागच्या सीटला एसीचे व्हेंट आहेत आणि सासूबाई मागे बसणार असतील तर त्याचा उपयोग होईल. एलएक्सआय मात्र तुमच्यासाठी नको, कारण त्यात ऑटोमॅटिक येतच नाही.

आता नवऱ्याच्या सीएनजीकडे. तुमच्या पत्रातला सगळ्यात भक्कम युक्तिवाद त्यांचा आहे आणि तो आकड्यांनिशी मांडायला हवा. तुमची रोजची ये-जा आणि चिपळूणच्या फेऱ्या धरल्या तर वर्षाला १३ हजार किलोमीटर होतील. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो, आणि प्रत्यक्षात पेट्रोल ऑटोमॅटिकला १८ आणि सीएनजीला २५ किलोमीटर मिळतात. (सीएनजीचा कंपनीचा दावा ३३.७३ आहे, मी मुद्दाम हात आखडता घेतला आहे.) पेट्रोलला किलोमीटरमागे साधारण ५ रुपये ८३ पैसे, सीएनजीला ३ रुपये ६० पैसे. वर्षाला २९ हजारांची बचत. लाँचच्या वेळी झेडएक्सआय सीएनजी ही झेडएक्सआय ऑटोमॅटिकपेक्षा ५० हजारांनी महाग होती. म्हणजे दोन वर्षांत ते वसूल, शिवाय महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी. निव्वळ पैशाच्या खेळात तुमचे मिस्टर जिंकतात आणि हे त्यांना मोकळेपणाने सांगा.

पण सीएनजी डिझायर फक्त मॅन्युअलमध्ये मिळते. म्हणजे महिन्याला साधारण २,४०० रुपये वाचवायचे आणि त्या बदल्यात रोज तुमची दुखरी टाच क्लचवर ठेवायची, असा हा सौदा आहे. असं मांडलं की प्रश्न बदलतो. बचत सगळ्या घराची होते आणि दुखणं एकटीचं राहतं. घरातल्या हिशोबात बायकांचं दुखणं असंच रकान्याबाहेर राहतं आणि बहुतेकदा ते आपणच बाहेर ठेवतो. मिस्टर मुद्दाम करताहेत असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही त्यांना टाचेबद्दल नीट सांगितलं आहे का, हे मात्र विचारावंसं वाटतं. "ते राहू दे" अशा सुरात सांगितलं असेल तर त्यांनी ते ऐकलंच नसेल. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते काय म्हणतात हे घेऊनच गाडीचं बोलणं करा, कारण ऑटोमॅटिक गाडीने त्रास कमी होईल, दुखण्याचं कारण जाणार नाही.

सीएनजीच्या आणखी दोन बाजू आहेत. डिझायरची डिकी ३८२ लिटरची आहे, चांगली खोल. सीएनजीची टाकी बसली की त्यात पाच माणसांचं चार दिवसांचं सामान मावत नाही. माहेराहून येताना आंबे, तांदूळ, कोकमं कुठे ठेवणार? दुसरी बाजू रांगेची. तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पंप आहे का, संध्याकाळी तिथे किती वेळ जातो आणि त्या रांगेत उभं कोण राहणार, हे आधी एक-दोनदा स्वतः थांबून बघा. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून दाखला घ्यावा लागतो. रोज ८०-१०० किलोमीटर फिरणाऱ्या आणि क्लचचा त्रास नसणाऱ्या वाचकांना मात्र मी बिनदिक्कत सीएनजीच सुचवेन. त्यांचं वर्षाचं अंतर तुमच्या दुप्पट होतं आणि बचतही.

सीएनजी आणि ऑटोमॅटिक दोन्ही हवंच असेल, तर टाटाची टिगोर आहे. तिच्यात सीएनजीबरोबर ऑटोमॅटिक गिअर मिळतो आणि एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्यामुळे वर सामानाला जागा राहते. ती गाडी जुनी झाली आहे, २०२० मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले होते, पण तेव्हाची चाचणी आजच्याइतकी कडक नव्हती. कुठल्या मॉडेलला किती एअरबॅग, हे विचारून घ्या. नवऱ्याचं आणि तुमचं दोघांचं म्हणणं सांभाळणारी ही सेदान मला दिसते, म्हणून ती एकदा चालवून बघावी असं वाटतं.

ऑटोमॅटिकबद्दल एक सावधगिरी. डिझायरमधली ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. आत नेहमीचाच पाच गिअरचा बॉक्स असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तुमच्याऐवजी यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त, मॅन्युअलपेक्षा साधारण ४५ हजारांनी जास्त, आणि ॲव्हरेजही मारत नाही. पण गिअर बदलताना क्षणभर ओढ सुटते आणि मान किंचित पुढे जाते. पहिला आठवडा हे खटकतं. गिअर बदलायच्या सुमारास ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला की धक्का बराच कमी होतो. घाटात चढताना-उतरताना ती मॅन्युअल मोडला घ्या, नाहीतर ती इंधन वाचवण्यासाठी मधेच वरचा गिअर टाकते आणि ओढ जाते. उतारावर तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर ठेवायचाच, म्हणजे इंजिन गाडीला मागे धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. चढावर थांबून निघताना हिल होल्ड गाडीला क्षणभर धरून ठेवतो, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर आणायचा.

हा धक्का तुम्हाला सोसवणारच नाही असं टेस्ट ड्राइव्हमध्ये वाटलं, तर होंडाची अमेझ बघा. तिसरी पिढी डिसेंबर २०२४ मध्ये आली. तिच्यात चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स आहे, त्यात गिअर बदलल्याचं जाणवतच नाही. डिकी ४१६ लिटरची, ग्राउंड क्लिअरन्सही डिझायरपेक्षा थोडा जास्त. ती महाग पडते आणि होंडाची सर्व्हिस सेंटरं मारुतीइतकी गावोगावी नाहीत. रोज शहरातल्या गर्दीत तासभर अडकणाऱ्या पुण्या-ठाण्याच्या वाचकांना मी आधी अमेझच चालवून बघायला सांगेन. सातारा-कोरेगाव रस्त्यावर एएमटीचं चालून जातं.

तर घरी बोलणं करताना क्रम उलटा करून बघा. "सगळ्यांचं समाधान कशात आहे" इथून सुरुवात केली की ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी येते. त्याऐवजी गाडी रोज कोण चालवणार आणि तिला चालवताना काय लागतं, इथून सुरू करा. मग सासूबाईंना बसता-उतरता येतं का ते बघा. या दोन चाळण्यांतून जे उरेल त्यात ॲव्हरेज, डिकी, सनरूफ यांची चर्चा खुशाल होऊ द्या. दिरांचं ऐकून घ्या, ते आपुलकीनेच सांगत असतील, पण हप्ता त्यांच्या खात्यातून जाणार नाही.

मुदतठेवीबद्दलही थोडं बोलते, कारण तुम्ही बँकेत असूनही ते ओझरतं लिहिलंत. झेडएक्सआय ऑटोमॅटिक घेतली तर साडेदहा लाखांपर्यंत जायची गरज पडणार नाही असा माझा अंदाज आहे. ठेव पूर्ण मोडण्याआधी तुमच्या बँकेचा कर्मचाऱ्यांसाठीचा वाहनकर्जाचा दर आणि ठेवीवरचं व्याज शेजारी शेजारी मांडा. घरात वयस्कर माणूस आहे, थोडी रोकड हाताशी असलेली बरी.

शोरूममध्ये विम्याचा भाग काळजीने वाचा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं एक कोटेशन सोबत न्या, बहुतेक वेळा तिथल्या तिथे रक्कम कमी होते. "हँडलिंग चार्जेस" अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलंच पाहिजे असं कोणी म्हणालं तर लेखी मागा. कंपनीची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची आहे. वर्षाला १३ हजार चालणाऱ्या गाडीची वॉरंटी वर्षं संपल्यामुळे संपेल, किलोमीटरमुळे नाही. म्हणून वाढीव वॉरंटी तुमच्या कामाची आहे, विशेषतः एएमटी असल्यामुळे. आणि पासिंगला जाण्याआधी गाडी दिवसाउजेडी बघून घ्या: चासी नंबरवरून बनल्याचा महिना विचारा, टायरवरच्या तारखा बघा, रंगावर कुठे डाग किंवा खरचटलं आहे का ते हात फिरवून बघा. एकदा नंबर पडला की या तक्रारी कोणी मनावर घेत नाही.